किल्ली कोणाकडे आहे? सोलापूर जिल्ह्यातल्या गावांना एक खुले पत्र

सन्माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, आणि गावातल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, ताई-वहिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पौषातली गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही पन्नाशीच्या पुढच्या, पहाटे सोलापुरातून सायकलवर निघालो होतो. भीमेच्या काठाकडे जायचं होतं. पंचवीसेक किलोमीटर झाल्यावर एका गावात थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं जे घडलं ते जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आमच्या वाट्याला आलेलं आहे. ग्रामपंचायतीची नवी इमारत होती. शेजारी फरशी लावलेलं स्वच्छतागृह, दारावर निळ्या रंगात ‘महिला’ असं लिहिलेलं, आणि त्या दाराला कुलूप. पारावर बसलेल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, “किल्ली शिपायाकडं हाय. शिपाई तालुक्याला गेलाय.” दुसरी किल्ली? “ती असंल भाऊसाहेबांकडं. पण त्यांचा वार न्हाई आज.”

तेवढ्यात समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. त्यांनी ना आमचं नाव विचारलं, ना गाव. “या गं लेकींनो” म्हणत परसात घेऊन गेल्या, बादलीभर पाणी काढून दिलं. मग ओसरीवर बसवून गुळाचा खडा आणि तांब्या पुढे ठेवला. निघताना रुमालात भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या.

तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात घोळतं आहे. आजींचं घर उघडं होतं, गावाचं दार बंद होतं. त्या दाराला कुलूप लावणारी माणसं काही वाईट नव्हती. कुणी चालत किंवा सायकलवर येईल आणि त्याला या दाराची गरज पडेल, हे कुणाच्या मनात आलंच नव्हतं. ते मनात आणून द्यावं, म्हणून लिहिते आहे.

मी सोलापुरात सत्तावीस वर्षं शिक्षिका होते. लहानपणी सायकल चालवायचे, पुढे लग्न, नोकरी, मुलं यांत ती सुटली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा धरली. चालणं मात्र कधीच सुटलं नाही. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जायचं, हे आमच्या घरात सासूबाईंपासून चालत आलं आहे. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता. रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं, हिप्परग्याचं तळं मागे टाकायचं, उळे, तामलवाडी करत उजाडेपर्यंत आईच्या पायऱ्यांशी पोचायचं. लाखो माणसं चालत असतात. त्या रात्री गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवतात. जागोजागी मांडव पडलेले असतात, कुणी केळी देतं, कुणी खिचडी, कुणी लिंबू सरबत. अठरा-वीस वर्षांची पोरं अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल लावून चेपत बसलेली असतात. हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी डोळे भरून येतात.

दोन वर्षांपूर्वी कोजागिरीनंतरच्या पंधरवड्यात तोच रस्ता सकाळी सायकलने केला. मांडव गेलेले होतेच, ते जाणारच. पण प्यायला पाणी विकतच्या बाटलीशिवाय कुठे मिळालं नाही. मोठमोठे ट्रक खांद्याला घासून जात होते. ज्या ओट्यावर कोजागिरीच्या रात्री आम्हाला सरबत मिळालं होतं, त्याच्या फाटकाला साखळी होती.

पाहुणा कसा सांभाळावा हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला पोचते. तुकोबांची पालखी अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली अशी येते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून पुढे पंढरीला जाते. त्या दिवसांत पाच-दहा हजार वस्तीचं गाव लाखांना पाणी पाजतं, अंघोळी घालतं, भाकरी पुरवतं, आपली घरं मोकळी करून देतं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुणाच्या वाड्यात बायकांची सोय, कुठल्या दिंडीला कुठली शाळा, हे सगळं तुम्हाला पाठ असतं. लाखांची सोय बिनबोभाट करणाऱ्या गावाला वर्षाच्या बाकीच्या दिवसांत आलेल्या एकट्या-दुकट्याची सोय जड जाणार नाही. त्यासाठी मंडप नको, टँकर नको. फक्त त्याचा आधी विचार झालेला हवा.

आणि हा एकटा-दुकटा आता येऊ लागला आहे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूज या सगळ्या ठिकाणी सकाळी सायकल चालवणाऱ्यांचे गट उभे राहिले आहेत. पुण्या-मुंबईहून सायकलने पंढरपूरला येणारे आहेत. आषाढीची गर्दी झेपत नाही म्हणून ऐन हिवाळ्यात चार जण मिळून शांतपणे तोच रस्ता चालणारे आहेत. आजोळचं गाव चालत बघायचं म्हणून आलेली नातवंडं मला भेटली आहेत. यांच्याजवळ मोठी गाडी नसते, मोठ्या हॉटेलात उतरायचा त्यांचा बेतही नसतो. यांना गावात थांबायचं असतं. गाडीवाला पाहुणा एका देवस्थानाहून दुसऱ्या देवस्थानाला जातो, मधली वीस गावं त्याला काचेतून दिसतात. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला त्या वीस गावांवाचून पुढे जाताच येत नाही. त्याचा चहा तुमच्या टपरीवर होतो, जेवण तुमच्या खानावळीत, पंक्चर तुमच्या दुकानात. मी एका फेरीला दोनशे-अडीचशे रुपये खर्चते. ते सगळे चार-पाच गावांत वाटले जातात. रक्कम फार मोठी नाही, पण एकही रुपया बाहेर जात नाही.

काही जण म्हणतील, आमच्याकडे बघण्यासारखं काय आहे? हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि दरवेळी मला वाईट वाटतं. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, धबधबे नाहीत, हे खरं. पण सपाट, मोकळ्या माळावर सूर्य उगवताना कधी उभे राहिला आहात ना? सायकलवाल्याला यापेक्षा काय पाहिजे? पौषात जोंधळा निसवून कणसं भरलेली असतात, थंडीत वाऱ्यावर सगळं शिवार एकदम हलतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या शिवारातून चालत जाऊन बांधावर हुरडा खाल्ला की तो माणूस जन्मभर मंगळवेढा विसरत नाही.

नान्नजचा माळ घ्या. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं जवळपास संपलं, ती आपल्या सगळ्यांच्या काळजाला लागणारी गोष्ट आहे. पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, गवतातून तुरुतुरु पळणारा धाविक पक्षी आहे. करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. वेळापूरला यादवकाळातलं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आहे. माचणूरला भीमेच्या घाटावर सिद्धेश्वर आहे आणि शेजारी किल्ला. १६९५ पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी इथेच, ब्रह्मपुरीला होती. अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार त्या काळात या नदीकाठच्या तंबूंतून चालला. त्या तटावर बसून संध्याकाळी नदी बघावी आणि रात्री तिथेच गावात भाकरी खाऊन झोपावं, अशी माझी कितीतरी दिवसांची इच्छा आहे.

आणि हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथे एकत्र येतात तिथे हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. त्याच्या शेजारच्या संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या, काळ नोंदवलेल्या लेखांत त्याची गणना होते. त्यात शेवटी लिहिलं आहे, “वाछि तो विजेया होईवा”. जो हे वाचील तो विजयी होईल. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बराच वेळ नुसती बघत राहिले होते. राजाची बिरुदं नाहीत, शाप नाही. पुढे कधीतरी कुणी अनोळखी माणूस इथून जाईल, थांबेल, वाचेल, त्याचं भलं होवो, एवढंच. हजार वर्षांपूर्वी याच मातीत कुणीतरी वाटसरूचा विचार करून अक्षरं कोरली. आज तिकडे जाताना फाट्यावर उभं राहून कुठल्या हाताला वळायचं ते तीन जणांना विचारावं लागतं, कारण गाड्यांसाठी लावलेल्या पाट्या मोठ्या रस्त्याच्या असतात, आणि चालणाऱ्याला हवी असते ती आतली वाट.

या आतल्या वाटेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळं तिथे अडलं आहे.

मोठा रस्ता आता चालणाऱ्याचा राहिलेला नाही. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, चमकणारी पट्टीही नसते. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. नेमके तेच चार महिने आपल्याकडे चालायचे, सायकल चालवायचे असतात. फाल्गुनानंतर ऊन कुणाला सोडत नाही. रस्ते रुंद झाले, त्यात कडेचे वड, पिंपरण्या, कडुनिंब गेले. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात झाली आणि त्यात पायी चालणाऱ्यांसाठी बाजूने वेगळी वाट धरली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या वाटेवर सावली यायला अजून वीस वर्षं लागतील. तीही लावलेली रोपं जगवली तर.

आतली वाट मात्र तुमच्याजवळ आहे. तलाठी कार्यालयात तुमच्या गावाचा नकाशा आहे, तो एकदा उघडून बघा. एक तुटक रेघ असेल ती पायवाट, दोन समांतर तुटक रेघा असतील ती गाडीवाट. ही गाडीवाट १६.५ ते २१ फूट रुंद धरलेली असते. आपल्या आजोबा-पणजोबांनी बैलगाडीने बाजाराला, जत्रेला, लग्नाला जायला वापरलेल्या या पाणंदी. एका गावच्या देवळापासून दुसऱ्या गावच्या ओढ्यापर्यंत त्या जातात आणि बहुतेक ठिकाणी आजही कडेला बाभळी-लिंबाची सावली आहे. यांतल्या कितीतरी आता दोन्ही बाजूंच्या बांधांनी खाल्ल्या आहेत, वेडी बाभूळ वाढून बुजल्या आहेत. काही ठिकाणी काट्याच्या फांद्या टाकून अडवलेल्या आहेत.

पाणंद मोकळी करायचा कायदा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आधीपासूनची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार ती मोकळी करून देतात. वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. पण कायद्याच्या आधी भावकी आहे, हेही मला कळतं. दोन सख्ख्या भावांचं बोलणं एका बांधावरून बंद झालेलं मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. म्हणून पाहुण्यांसाठी कुणाचा बांध फोडा, असं मी म्हणणार नाही. पाणंद उघडली तर तिचा पहिला उपयोग तुमच्या उसाच्या ट्रॅक्टरला, तुमच्या वस्तीवरून शाळेत येणाऱ्या पोरीला होणार आहे. आमची सायकल त्यांच्या मागून येईल. ग्रामसभेत पाणंदीचा विषय निघेल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या की त्या वाटेला बाहेरचाही एक वाटसरू आहे. अख्खी पाणंद एकदम होणार नसेल, तर देवळापासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंतची एकच वाट घ्या. काटे काढा, नकाशावरचं तिचं नाव असेल तर दगडावर रंगवा. काट्यांचं एवढ्यासाठी सांगते की सायकलच्या चाकाला बाभळीचा काटा लागला की खेळ खल्लास. एकदा मला एका पाणंदीत चार किलोमीटर सायकल हाताने ढकलत आणावी लागली होती.

पंक्चरच्या दुकानांबद्दल इथेच लिहून टाकते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात मोटरसायकलचं पंक्चर काढणारा आहे आणि हवेचा कॉम्प्रेसर आहे. पण आताच्या कितीतरी सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक असतो, त्याला ती नळी बसत नाही. पितळेचा एवढासा अडॅप्टर मिळतो, चहा-भज्यांच्या पैशात येतो. तो दुकानात खिळ्याला टांगून ठेवला की झालं. मोहोळच्या बाजूला एका गावात मला असे एक काका भेटले. पूर्वी त्यांचं तासाच्या भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं. माझी सायकल उलटी करून त्यांनी चाकाचा वाकडेपणा ज्या प्रेमाने काढला, तसा शहरातही कुणी काढला नाही.

आता एक अवघड गोष्ट.

अनोळखी माणूस पायी गावात आला की आजकाल आधी संशय येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्याच खोलीत डांबून मारलं. ज्या इमारतीत वाटसरूला आसरा मिळायला हवा, तिथे. आपल्या जिल्ह्याची माणसं परक्या शिवारात अशी गेली आहेत. म्हणून आपल्या शिवारात येणाऱ्या परक्याकडे कसं बघायचं, याचा विचार आपण इतरांपेक्षा जास्त करायला हवा. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. आलेला पाहुणा नाव, गाव, फोन, कुठून आला, कुठे चालला ते लिहील. पोलीस पाटलांना माहीत असेल. गावालाही निर्धास्त वाटेल आणि आलेल्यालाही. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेला त्या वहीचं एक पान पुरेसं उत्तर देईल.

वहीत जात लिहायचा रकाना नको, आणि तोंडी तर अजिबात नको. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहायला हवं. एका गावात आम्हाला पाण्याआधी “आडनाव काय?” असं विचारलं. माझं आडनाव सांगितल्यावर तांब्या आला. सोबतच्या मुलीने तिचं सांगितलं, तेव्हा तिला बाटली विकत घ्यायला दुकान दाखवलं. ती काही बोलली नाही. पुढचे दहा किलोमीटर आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. ज्या मंगळवेढ्याचे चोखोबा, ज्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा, त्या मंगळवेढ्याच्या जिल्ह्यात हे होऊ नये. त्याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाच्या धान्याची कोठारं उघडून लोकांना वाटली, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. किल्ली त्यांच्याकडे होती आणि त्यांनी ती वापरली. धान्य घ्यायला आलेल्याचं आडनाव विचारल्याचं कुठल्याच कीर्तनकाराने मला सांगितलेलं नाही.

हे सगळं कुठे झालं आहे का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात हेब्डन ब्रिज नावाचं लहानसं गाव आहे. आपल्या सोलापूरसारखंच कापडाच्या गिरण्यांवर मोठं झालेलं. आपली जुनी मिल १८७७ ची, त्यांच्याही गिरण्या त्याच शतकातल्या, आणि आपल्यासारख्याच त्याही पुढे बंद पडल्या. २००७ साली त्या गावाने ठरवलं की आमच्याकडे चालणाऱ्यांचं स्वागत आहे, आणि ‘वॉकर्स आर वेलकम’ अशी पाटी मिरवायला सुरुवात केली. पुढे ब्रिटनमधली शंभराहून जास्त गावं त्यात आली. पाटी नुसती मागून मिळत नाही. गावातल्या लोकांचा पाठिंबा दाखवावा लागतो, पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचा ठराव लागतो, पायवाटा चांगल्या राखाव्या लागतात, सार्वजनिक वाहनाने कसं यायचं ते लोकांना सांगावं लागतं. यात हॉटेल बांधा, असं कुठेच नाही. म्हणूनच मला ते आपल्याला जमण्यासारखं वाटतं. आपल्याकडे तर कितीतरी गावांना एसटी आहे. सकाळच्या गाडीने येऊन, दोन गावं चालून, संध्याकाळच्या गाडीने परत, असा दिवस काढायचा तर फाट्यावर गाडीच्या वेळा लिहिलेल्या असल्या तरी पुरे. आई सांगायची, अडीच फुटी रुळांवरच्या बार्शी लाइटने माहेरी जाताना स्टेशनावर उतरून निवांत पाणी भरून घेता यायचं, गाडीला घाई नसायची. त्या चालीने जिल्हा बघणारी माणसं आता पुन्हा येताहेत.

तुमच्याकडून नेमकं काय हवं? गावात शिरताना, चावडीजवळ किंवा देवळाजवळ, एक पाटी. तिच्यावर दोन फोन नंबर, एक पुरुषाचा आणि एक बाईचा, आणि ते दोघं खरोखर गावात राहणारे हवेत. बाईचा नंबर मी मुद्दाम म्हणते. अंधार पडत असताना अनोळखी गावात बाईचा आवाज फोनवर आला की काय वाटतं, ते बायकांना विचारा. स्वच्छतागृहाची एक किल्ली जवळच्या किराणा दुकानात किंवा अंगणवाडीत राहू द्या आणि तसं दारावर लिहा. शुद्ध पाण्याच्या यंत्राला कार्ड लागतं, ते बाहेरच्याकडे नसतं. नाण्यावर चालणारं नसेल तर शेजारी एक माठ ठेवा. मुक्कामाला समाजमंदिराची किंवा देवळाच्या भक्तनिवासाची एक खोली, सतरंजी आणि आतून लागणारी कडी. जेवण गावातल्या बचत गटाच्या ताईंनी द्यावं. पिठलं, भाकरी, शेंगांची चटणी, जे घरात होतं तेच. दर मात्र आधी ठरवून पाटीवर लिहा. फुकट देऊ नका. वारकऱ्याला जेवू घालणं ही तुमची सेवा आहे, तिच्या आड कुणी येऊ नये. पण मी हौसेने सायकल चालवत आले आहे, माझ्या भाकरीचे पैसे त्या ताईंच्या हातात पडलेच पाहिजेत.

आणि कृपा करून कमान बांधू नका. गेल्या काही वर्षांत रस्त्यारस्त्यावर स्वागत कमानी उभ्या राहिल्या, आणि कमानीखाली सावली नसते. त्या पैशात चार वडाची झाडं पिंजऱ्यासकट लागतात आणि तीन वर्षं पाणी घालायला माणूस ठेवता येतो.

आमच्याही बाजूने काही गोष्टी कबूल करते. शहरातून येणारे सगळेच चांगले वागत नाहीत. हरभऱ्याचे डहाळे उपटणारे, डाळिंबाच्या बागेत न विचारता घुसणारे, विहिरीच्या काठावर प्लास्टिक टाकणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडले आहे. नान्नजच्या माळावर वनविभागाला न विचारता गवतात शिरणारेही आहेत. धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटो काढणाऱ्या एका तरुणाला मी तिथल्या तिथे ते पुसायला लावले. अशांना तुम्ही बिनदिक्कत बोला. वहीत त्यांचं नाव असेलच.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, अशी हात जोडून विनंती आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोजागिरी येते आणि चालायचे दिवस सुरू होतात. ठराव दोन ओळींचा पुरे: आमच्या गावात पायी आणि सायकलने येणाऱ्याला पाणी, स्वच्छतागृह आणि एक रात्र निवारा मिळेल, आणि त्याची जबाबदारी अमुक व्यक्तीची. त्या ‘अमुक’च्या जागी एका माणसाचं नाव येणं सगळ्यांत महत्त्वाचं.

आमच्या गटात सात जण आहेत, त्यांतल्या चार बायका. जी पंचायत हो म्हणेल तिथे आम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी येऊ. पाटी रंगवायचं सामान आमचं, अक्षर माझं, फळ्यावर सत्तावीस वर्षं गिरवलेलं आहे. पंक्चरच्या दुकानासाठी अडॅप्टर आणू. पाणंदीतले काटे वेचायला कोयते आणि हातमोजे घेऊन येऊ, तुमची दोन-चार माणसं वाट दाखवायला सोबत असली म्हणजे झालं. सुरुवात सोलापूर ते कुडल या वाटेवरच्या गावांपासून करावी, असा आमचा विचार आहे. आम्ही सकाळी साडेसहाला निघतो, म्हणजे नऊ-साडेनऊला तुमच्या चावडीवर असू. फक्त त्या दिवशी शिपाईदादा तालुक्याला जाणार असतील, तर किल्ली कुठे ठेवली आहे ते आदल्या दिवशी कळवा.

आपली नम्र,
सोलापूरची एक निवृत्त शिक्षिका